लक्ष्याच्या हशाची जागा कापू नका

जुन्या मराठी विनोदी चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते व वितरक, आणि हे चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्या व डिजिटल मंच चालवणारे, या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

१६ डिसेंबर हा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा स्मृतिदिन. गेल्या खेपेला त्या दिवशी दुपारी तुमच्यापैकी एका वाहिनीवर त्यांचा चित्रपट लागणार होता, म्हणून मी अण्णांना पाठीशी उशी देऊन टीव्हीसमोर बसवले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ३१ वर्षे ते थिएटरात ऑपरेटर होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, कान मात्र अजून शाबूत आहेत. अर्धा तास झाला असेल. एक प्रसंग आला आणि गेला. अण्णा पुढे झुकले, माझ्याकडून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"हितं हशा होता," एवढेच बोलले आणि आत जाऊन पडले.

मला आधी उलगडा झाला नाही. प्रसंग तोच, माणसे तीच, वाक्येही तीच होती. मग घरातली त्याच चित्रपटाची जुनी व्हीसीडी शोधून काढली, संध्याकाळी तोच चित्रपट वाहिनीवर पुन्हा लागला तेव्हा दोन्ही पुढेमागे पाहिले आणि मोबाइलवर वेळ लावली. व्हीसीडीत लक्ष्या वाक्य टाकतो, थांबतो, समोरच्याकडे बघतो, पापण्या फडफडतात, आवंढा गिळतो. मग समोरचा बोलतो. मधे तीन सेकंदांहून जास्त जागा आहे. वाहिनीवर त्याच ठिकाणी एक सेकंदसुद्धा नव्हता. वाक्याला वाक्य चिकटवले होते. असा प्रकार त्या एका चित्रपटात मला नऊ ठिकाणी सापडला. नंतर मोजायचे सोडून दिले.

हे पत्र त्यासाठी आहे.

त्या तीन सेकंदांचे एवढे काय, असे तुम्हाला वाटेल. त्यासाठी थिएटरच्या केबिनमधले थोडे सांगते. तिथे दोन मशीन असायची. साधारण वीस मिनिटांचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदलायचे. खाली बसलेल्याला काही कळता कामा नये. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनचा वास, भट्टीसारखी धग आणि पुढे वीतभर काचेची खिडकी. मी शाळा सुटली की अण्णांचा डबा घेऊन जायची आणि स्टुलावर उभी राहून त्या खिडकीतून बघायची. अण्णांचे डोळे कधी ज्योतीवर, कधी पडद्यावर, पण कान सतत खाली हॉलमध्ये. हशा पिकला की त्यांचा हात आवाजाच्या बटणाकडे जायचा, कारण त्या गोंधळात पुढचे वाक्य बुडाले तर लोक शिट्ट्या मारून केबिनकडे बघून ओरडायचे. लक्ष्याच्या सिनेमाला मात्र हात बटणापर्यंत जाऊन परत यायचा. हॉलमधला हशा ओसरायला लागला की नेमके तेव्हाच पडद्यावरचा माणूस तोंड उघडायचा. "ह्याला पब्लिक कळतंय," अण्णा म्हणायचे.

पब्लिक लक्ष्मीकांत बेर्डे यांना कुठे कळले, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की समजते. २६ ऑक्टोबर १९५४ चा जन्म, मुंबईचा. गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, आणि नोकरी करता करता नाटकांत मिळतील ती लहानसहान कामे. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूर टूर' या नाटकाने १९८० च्या दशकात नाव झाले. पुढे 'शांतेचं कार्टं चालू आहे'सारखी नाटके चालली. दूरदर्शनवर 'गजरा' आणि 'नस्ती आफत'मधून हा चेहरा घराघरांत गेला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नायक म्हणून उभे राहण्याआधी या माणसाने वर्षानुवर्षे समोर बसलेल्या जिवंत माणसांचे हसणे रोज ऐकले होते. नाटकवाले याला हशा घेणे म्हणतात. हशा चढतो, तेव्हा थांबायचे. उतरायला लागला की पुढचे वाक्य ठेवायचे. घाई केली तर वाक्य वाया, उशीर केला तर प्रसंग पडला. आज कोल्हापुरात जेवढा थांबलास तेवढाच उद्या दादरला थांबून चालत नाही, कारण प्रेक्षक वेगळा.

सिनेमात तर समोर प्रेक्षकच नसतो. सेटवर लाइटमन हसले तरी टेक खराब होतो, म्हणून सगळे तोंड दाबून उभे. तिथे नटाला मनातल्या मनात ठरवावे लागते की चार-सहा महिन्यांनी, कुठल्या तरी गावात, सहाच्या खेळाला, आठशे माणसे या वाक्यावर किती वेळ हसतील. तेवढा वेळ चेहऱ्याने धरून ठेवायचा. दिग्दर्शकाने तो चित्रित करायचा, संकलकाने जपायचा. 'धूमधडाका' १९८५ चा, 'दे दणादण' १९८७ चा, 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, 'थरथराट' १९८९ चा. या सगळ्यांत अशा मोकळ्या जागा जागोजागी आहेत. 'बनवाबनवी'त पार्वती होऊन साडीत वावरणारा लक्ष्या घरमालकिणीसमोर उभा राहतो तेव्हा संवादलेखक वसंत सबनिसांचे वाक्य एकटे हसवत नाही. वाक्यानंतर त्या चेहऱ्यावर जे चालते त्याने लोक खुर्चीवरून घसरतात. 'झपाटलेला' (१९९३) आणखी अवघड. समोर रामदास पाध्ये यांचा बाहुला. जिवंत सहकलाकार निदान डोळ्यांनी काही परत देतो, बाहुला देत नाही. भीती, दचकणे, विश्वास न बसणे, यातला वेळ नटाने एकट्याने तोलायचा. तो तोल म्हणजेच त्याचे काम. तुम्ही कात्री लावता ती त्याच कामाला.

आता माझ्या तक्रारी ओळीने मांडते.

पहिली ही, कापलेल्या जागांची. जाहिरातींना वेळ हवा, हे मला समजते. तीन तासांच्या पट्ट्यात चित्रपट बसवायचा असतो. पण कापायला बसलेला माणूस प्रत्येक शांत क्षणाला फुकट गेलेला वेळ समजतो, आणि विनोदी चित्रपटात शांत क्षणच सगळ्यात महाग असतो. गाणे अर्धे केले तर प्रेक्षकाला निदान कळते की गाणे कापले. हशाची जागा कापली तर त्याला कळत नाही. त्याला एवढेच वाटते की हा नट फार काही ग्रेट नव्हता, आरडाओरडा करायचा. माझ्या १९ वर्षांच्या भाच्याने मला हेच सांगितले: "मावशी, तो सारखा बडबडत असतो." बडबडत नव्हता रे. थांबत होता. तुला ते दाखवलेच नाही.

यातच वेगाची गोष्ट येते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. आपल्याकडच्या टीव्हीसाठी जुन्या प्रती काढताना ती २५ ने पळवली जायची, म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चिरके होतात. त्या काळी यंत्रांची अडचण होती, ठीक. आज कोणताही डिजिटल मंच २४ च्या मूळ वेगाने चित्रपट दाखवू शकतो. तरी त्याच जुन्या टेपवरून काढलेल्या प्रती पुन्हा पुन्हा चढवल्या जातात. अण्णांनी आवाज ऐकूनच सांगितले होते की हा लक्ष्याचा गळा नाही.

दुसरी तक्रार फ्रेमची. साधा, म्हणजे रुंद पडद्याचा 'स्कोप' नसलेला सिनेमा आमच्या पडद्यावर चौकोनाच्या जवळ जाणारा दिसायचा, रुंदी ४ तर उंची ३. आता टीव्ही रुंद झाले, १६ ला ९. कडेला काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून तुम्ही चित्र ताणता, नाहीतर वरून-खालून छाटता. ४ ला ३ चे चित्र असे छाटले की उंचीचा चौथा भाग जातो. चौथा भाग! विनोदी नट नखशिखांत काम करतो. त्याचे पाय डगमगतात, हात कमरेशी चाळा करतात, पदर सुटतो, टाच वळते. खालचा भाग छाटलात की उरतो तो फक्त बोलणारा चेहरा. उलट प्रकार 'धडाकेबाज'चा. १९९० चा हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो आमच्या गावी येणार म्हणून पडद्याच्या बाजूची काळी कापडे सरकवून पडदा रुंद केला होता, मशीनला वेगळी लेन्स लावली होती आणि अण्णांनी आदल्या रात्री एक रीळ चालवून पाहिले होते. असा रुंद चित्रपट जुन्या टीव्हीच्या मापात कोंबलेल्या प्रतीत पाहिला की दोन्ही कडा मिळून चाळीस टक्क्यांच्या वर चित्र नाहीसे झालेले असते. विनोदात बोलणारा एक असतो आणि ऐकून चेहरा करणारा दुसरा. तो दुसरा बहुतेक वेळा कडेला उभा असतो.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगते, कारण तीत समजावण्यासारखे काही नाही. श्रेयनामावली कापू नका. लेखक, संकलक, रंगभूषाकार, कपडेपटवाले, ध्वनिमुद्रक यांची नावे चित्रपटात एकदाच येतात आणि त्यांच्या मुलानातवंडांना ती दाखवायची असतात.

चौथी, चिकटवलेल्या हशाची. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत हल्ली प्रत्येक वाक्यानंतर वरून हसण्याचा आवाज टाकलेला असतो, सोबत टुंग-टांग. हे काम कुणी हौशी पोराने केले तर मी पत्र लिहिले नसते. हक्कदारांच्या अधिकृत पानांवर हे चालते. आधी खरी जागा कापायची आणि मग तिथे खोटे हसू भरायचे, याचा मला मनापासून त्रास होतो.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. तुम्ही एकच लक्ष्या दाखवता. तेच पाच-सहा चित्रपट, त्यातले तेच प्रसंग. १९९२ साली जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' केला. पु. ल. देशपांडे यांचे लेखन, महानोरांची गाणी, आनंद मोडक यांचे संगीत. तमाशाच्या फडात वाढलेला सोंगाड्या सिनेमात जातो, राजकारणात ओढला जातो, आणि हसवणे हरवून बसतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आमच्याकडे तो चार दिवस चालला. मी १४ वर्षांची होते. पहिल्या खेळाला लोक हसायच्या तयारीने आले होते, आणि हॉल हळूहळू गप्प होत गेला. काही उठून गेले. जे थांबले ते हललेसुद्धा नाहीत. त्या चार दिवसांत अण्णांचा हात एकदाही आवाजाच्या बटणाकडे गेला नाही. शेवटच्या खेळानंतर रिळे पेटीत भरताना ते म्हणाले, "ह्याला हसवायचं सोडून बी येतंय." लोकांनी त्या वेळी हा लक्ष्या स्वीकारला नाही, हे खरे. पण नंतरच्या पिढीला तो निवडायची संधी तरी मिळाली का? 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मुळे देशभर ओळखला जाणारा हा नट २००४ साली, पन्नाशी गाठून दोन महिने होत नाहीत तोच गेला. इतक्या कमी वर्षांत केलेले सगळ्यात अवघड काम तुम्ही स्मृतिदिनालाही दाखवत नाही.

तुमची बाजू मी नाकारत नाही. तुम्ही हे चित्रपट दाखवत राहिलात म्हणून २००४ नंतर जन्मलेली मुले त्यांना लक्ष्या म्हणून ओळखतात. दुसऱ्या भाषांतले कितीतरी नट तेवढेही उरले नाहीत. जुन्या प्रिंट मिळत नाहीत, मिळाल्या तर गुलाबी पडलेल्या असतात, काहींना आंबूस वास यायला लागलेला असतो, हेही मला ठाऊक आहे. दमट हवेत आणि उष्णतेत ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तो व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो एकदा आला की मागे फिरत नाही, फक्त थंडाव्यात ठेवून लांबवता येतो. म्हणून तर घाई आहे.

कायदाही बहुतांशी तुमच्याच बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या कामाच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळाला, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की संकलनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी भाग काढला तर तेवढ्याने ते कलाकाराच्या लौकिकाला बाधक मानले जाणार नाही. म्हणून मी कोर्टाची भाषा करत नाही. मात्र दुसरे एक कलम तुमच्यावर जबाबदारी टाकते असे मला वाटते. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. 'धूमधडाका' २०४५ संपेपर्यंत हक्कदारांचाच आहे. तोवर दुसऱ्या कुणाला त्याची नीट प्रत काढून लोकांना दाखवायची इच्छा झाली तरी तुमच्या परवानगीशिवाय जमणार नाही. आणि निगेटिव्ह तोवर थांबणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

चित्रपट मूळ लांबीत, मूळ मापात आणि मूळ वेगात दाखवा. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, प्रेक्षकाला त्याची सवय होते. वेळेअभावी कापणे टळतच नसेल, तर सुरुवातीला 'संक्षिप्त आवृत्ती' अशी पाटी टाका, आणि निदान डिजिटल मंचावर तरी अखंड प्रत ठेवा, तिथे जागेची अडचण नाही. कापायचेच तर अख्खा प्रसंग काढा, प्रसंगाच्या आतल्या शांत जागांना हात लावू नका. वरून हशा चिकटवणे बंद करा. श्रेयनामावली पूर्ण चालवा.

तुमच्याकडे कोणत्या चित्रपटाची निगेटिव्ह आहे, कशाची फक्त प्रिंट आहे आणि कशाची नुसती टेप उरली आहे, याची यादी जाहीर करा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. १९६४ पासून ते हेच काम करत आले आहेत. गोदामाचे भाडे परवडत नाही म्हणून पेट्या भंगारात देण्याआधी त्यांना एक फोन करा.

'एक होता विदूषक' चांगल्या प्रतीसह पुन्हा पडद्यावर आणा. चार दिवस चालला तरी चालेल.

आणि नाटकांची चित्रीकरणे, दूरदर्शनच्या काळातले कार्यक्रम, यातले जे काही कुणाच्या कपाटात असेल ते बाहेर काढा. प्रत खराब असली तरी हरकत नाही. तिथे खरे प्रेक्षक हसताना ऐकू येतात, आणि लक्ष्या त्यांच्यासाठी थांबतानाही दिसतो.

अण्णांची एक वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, कार्बनचे काळे डाग पडलेली. कुठली पेटी कधी आली, कुठल्या रिळाला कुठे जोड आहे, हे ऑपरेटर स्वतःसाठी लिहून ठेवायचा. लक्ष्याच्या चित्रपटांच्या पानांवर अण्णांनी आणखी एक नोंद केली आहे, हाताखालच्या पोरासाठी. रीळ ३, साडीचा सीन, हशा लांब, आवाज वाढवू नको. रीळ ५, शेवटी हशा, ठिपका चुकेल, डोळा काढू नको. अशी अकरा पाने आहेत. ज्या दिवशी तुमच्यापैकी कुणी यातल्या एका चित्रपटाचे निगेटिव्हवरून नव्याने स्कॅनिंग करायला घेईल, त्या दिवशी कळवा. वही घेऊन मी येईन, आणि प्रवास झेपला तर अण्णाही येतील.

आपली,
एका ऑपरेटरची मुलगी